लाभ, दोन, तीन

आमच्या गल्लीतले हिरामण काकाजी एकपासून मोजत नाहीत. लग्नाची पंगत असो, दवाखान्यातली रांग असो की तारेवर बसलेल्या चिमण्या असोत, ते बोट उचलतात आणि म्हणतात, "लाभ." मग दोन, तीन, चार.

धानाच्या मुलखात याचं खरं तर नवल वाटायला नको. धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही जुनी रीत. एक म्हटलं की संपायला सुरुवात होते, लाभ म्हटलं की बरकत राहते, असं म्हातारी माणसं सांगतात. मी स्वतः धान खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. आमचा काटा इलेक्ट्रॉनिक झाला आणि त्याच्या पडद्यावर लाभ काही उमटत नाही. पण काकाजींनी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये उभा जन्म ट्रकवर चढणारे कट्टे, म्हणजे धान-तांदळाची पोती, मोजण्यात घालवला. त्यांच्या जिभेला 'एक'ची सवयच लागली नाही. शेजारच्या मयतीत त्यांनी खांदेकऱ्यांवर बोट रोखून "लाभ" म्हटलं, तेव्हा गेलेल्या माणसाच्या जावयानं त्यांच्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. काकाजी शांतपणे "दोन" म्हणाले आणि पुढे गेले.

मोजून झालं की शेवटी दोन शब्द ठरलेले: "भरती बरोबर." मिलमध्ये हे शब्द ऐकल्याशिवाय ट्रक हलत नसे.

मिलचा हंगाम ओसरला की काकाजी यात्रेची बस काढायचे. काकी गेल्यानंतरच्या वर्षापासून त्यांनी हे सुरू केलं. मुलगा रायपूरला, घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे अडवणारंही नव्हतं. एक बस, चाळीस माणसं, एक स्वयंपाकी आणि दोन शेगड्या. पवनीकडचे शेतकरी, मोहाडीचे शिक्षक, आमच्या बौद्ध वस्तीतली मंडळी, सगळे एकाच बसमध्ये. बोधगया आणि सारनाथ करून तीच बस काशीलाही जायची. सकाळी वंदना व्हायची, मग आरती व्हायची. त्यावरून कधी वाद झाला नाही. वाद फक्त पुढच्या सीटवरून व्हायचे.

बसमध्ये चढलं की प्रत्येकाला नंबर. प्रत्येक थांब्यावर हजेरी आणि आपला नंबर आपणच म्हणायचा. बायकांना हे जड जाई. नवऱ्याचं सगळं आपणच सांगायचं, ही त्यांची जन्माची सवय. एकदा मोहाडीच्या एक बाई म्हणाल्या, "हे पान आणायला गेले, त्यांचं सतरा मीच म्हणते." काकाजींनी बस वीस मिनिटं थांबवली, सतरा नंबर पान चघळत आला, त्यानं स्वतःच्या तोंडानं "सतरा" म्हटलं, तेव्हा बस हलली. "दुसऱ्याच्या तोंडानं मानूस हजर होत नाई, बाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. दिवसातून सहादा ऐकायला मिळे.

त्यांच्या राजस्थानच्या यात्रेला आम्हीही गेलो होतो. मी, माझा नवरा आणि सहा वर्षांची प्रज्ञा. चित्तोडच्या किल्ल्यावर काकाजींचा घसा बसला. मनातल्या मनात मोजणं त्यांना मान्य नाही, मोजणी कानांना ऐकू आली पाहिजे. म्हणून त्यांनी आमच्या नागपूरच्या ड्रायव्हरला पुढे केलं आणि खुणेनं समजावलं, पहिल्याला लाभ म्हण. ड्रायव्हर आज्ञाधारक माणूस. त्यानं पहिल्या माणसावर बोट ठेवून "लाभ" म्हटलं आणि दुसऱ्यापासून मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन. शेवटच्या माणसापाशी आकडा आला एकोणचाळीस.

काकाजी पांढरेफटक पडले. चाळीसच्या चाळीस माणसं किल्ल्यावर विखुरली आणि दोन तास चाळिसाव्याला शोधत राहिली. कोणी म्हणालं, लाल मफलरवाला दिसत नाही. आसगावचे एक म्हातारेबुवा लाल मफलरवाल्याला हाका मारत बुरुजापर्यंत जाऊन आले, मफलर त्यांच्याच गळ्यात होता. शेवटी मी ड्रायव्हरला माझ्यासमोर पुन्हा मोजायला लावलं आणि "लाभ, एक" म्हणताच त्याचा हात धरला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, हे लाभ कोणत्या शाळेत शिकवतात?" दोन तास गेल्यामुळे पुढचं एक ठिकाण गाळावं लागलं. कोणतं, ते मी तेव्हा विचारलंही नाही. मला जेवणाची घाई होती.

एका वर्षी त्यांनी यात्रा रेल्वेनं काढली. येताना गाडी तुमसर रोडला थांबतच नाही, हे नागपूर सोडल्यावर लक्षात आलं. चाळीस माणसं, भांडी आणि शेगड्यांसकट गोंदियाला उतरली. लोक चिडले. गोंदिया जिल्हा आमच्यापासून वेगळा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण काकाजी फलाटावर उभे राहून म्हणाले, "कायले बोंबलता? आपलाच जिल्हा होता, माहेरी उतरलो समजा."

तर अशा माणसाच्या शेजारी राहून माझ्या मुलीनं जाहीर केलं की, ती टूरबिरमध्ये जाणार नाही, मैत्रिणींबरोबर स्वतंत्र फिरणार.

प्रज्ञाला पुण्यात नोकरी लागली होती. रुजू व्हायला महिना होता. कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी, करडीची रुचिता आणि आसगावची मेघा, यांनाही इकडे तिकडे नोकऱ्या मिळाल्या होत्या. पुन्हा तिघी एकत्र कधी येणार, म्हणून दहा दिवस राजस्थान. रेल्वेनं जायचं, एसटीनं फिरायचं, राहायचं ते फोनवर बघून ठरवायचं. तिघी बाविशीच्या. माझ्या नवऱ्याला विचारलं. तो वीज कंपनीत आहे, धोका ओळखतो. म्हणाला, "तू ठरव." म्हणजे बिघडलं तर माझं.

बातमी गल्लीत पसरायच्या आत काकाजी आमच्या घरापुढच्या छपरीत हजर. त्यांच्या हातात त्या वर्षीच्या यात्रेची यादी होती आणि तिच्यात तीन जागा कोऱ्या सोडलेल्या.

प्रज्ञानं तिची बाजू मांडली. टूरमध्ये पहाटे चारला उठवतात. किल्ला पंचवीस मिनिटं आणि जेवण दीड तास. ज्याचे गुडघे सगळ्यात वाईट, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. जे आवडलं तिथं थांबता येत नाही आणि जे आवडलं नाही तिथून निघता येत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी स्वतः त्या बसमधून गेलेली आहे.

काकाजींनी ऐकून घेतलं आणि त्यांची म्हण काढली. "पोत्यातलं धान मालकाचं, सुटं धान कोंबडीचं."

"आबाजी," प्रज्ञा त्यांना म्हणाली, "पेराले धान सुटंच लागते न?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही. मग ते म्हणाले, "पोट्टी बोलाले शिकली, सुनंदा. याच्यात तुझा हात हाय." आणि यादी तिथंच विसरून निघून गेले.

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. पण पोत्यात काय आहे हे पोतं न उघडता ठरवायचं, हेच माझं काम. नळी खुपसायची, मूठभर धान काढायचं, दाताखाली एक दाणा धरायचा. मी सांगितलं, आधी नमुना दाखवा. एक दिवस रामटेकला जाऊन या. बस तुम्ही शोधायची, जेवायचं तुम्ही बघायचं, अंधार पडायच्या आत घरी. मला एकही फोन करायचा नाही आणि माझाही येणार नाही.

तिघी गेल्या. मागच्या बसनं काकाजी गेले.

हे आम्हाला नंतर कळलं. तोंडाला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात पेरूंची पिशवी, अशा वेशात ते गडावर तिघींच्या मागे मागे खांबाआडून फिरत होते. वेश चांगला होता, पण रामटेकच्या माकडांना वेशाशी देणंघेणं नाही. एकानं पिशवी ओढली, दुसऱ्यानं चष्मा घेतला आणि काकाजी ओरडले. प्रज्ञा मागे वळली. तिनं मैत्रिणींवर बोट फिरवलं, "लाभ, दोन, तीन," आणि मग खांबाकडे बोट करून म्हणाली, "चार. आबाजी, बाहेर या." चौघं मिळून जेवले आणि एकाच बसनं परतले.

मी चांगलीच तापले होते. पण काकाजींना माझ्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही. ही हकीकत त्यांनी मला तीनदा सांगितली, दर वेळी माकडं गाळून. "मले चार म्हनली ते," एवढंच पुन्हा पुन्हा. मला वाटलं, पकडले गेल्याची लाज लपवतात. मी तेव्हा तेवढ्यावरच सोडलं.

नमुना पास झाला. काकाजींनी एकच अट घातली. रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी, प्रत्येकीनं आपापल्या तोंडानं. प्रज्ञा हसली आणि कबूल झाली.

मग रोज पावणेसातला काकाजी आमच्या छपरीत येऊन बसत. सातला माझा फोन वाजे, मी तो स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर धरी. "लाभ," प्रज्ञा. "दोन," रुचिता. "तीन," मेघा. "भरती बरोबर," काकाजी, की फोन बंद. जयपूर झालं, अजमेर झालं. मुली मजेत होत्या. दरम्यान आसगावहून मेघाच्या आईचे फोन मला येत होते आणि मी तिला बरोबर आहे, बरोबर आहे, असं सांगत होते. तिनं लेकीला पाठवलं ते माझ्या शब्दावर.

पाचव्या दिवशी मुली बुंदीला होत्या. सात वाजले. लाभ आलं, दोन आलं, तीन आलं. मी फोन ठेवायला हात पुढे केला. काकाजी "भरती बरोबर" म्हणालेच नाहीत.

"हे तीन मेघाचं नाई," ते म्हणाले.

प्रज्ञा म्हणाली, काय आबाजी, मेघाच आहे, नेटवर्क नीट नाही.

"काहून खोटं बोलून राहिली वो? तीन कुठं हाय?"

मग एकेक बाहेर आलं. मेघाला आदल्या रात्रीपासून ताप होता. पाणी बाधलं असावं, पोटही बिघडलेलं. ती उठून बसू शकत नव्हती. घरी कळलं तर परत बोलावतील, पुन्हा कधी कुठे पाठवणार नाहीत, म्हणून तिनंच शपथ घातली होती. प्रज्ञानं आवाज बारीक करून तिचं तीन म्हटलं होतं. माझ्या पोटच्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नव्हता. कट्टा खाली टेकल्याच्या आवाजावरून तो भरलेला की अर्धा, हे सांगणाऱ्या माणसाला आला.

मी प्रज्ञाला काय बोलले ते इथे लिहीत नाही. आत्ताच्या आत्ता दवाखाना शोधा, एवढं शेवटी म्हटलं. नवं गाव, अंधार पडलेला, मुली उतरल्या होत्या त्या घराच्या मालकीण बाई लग्नाला गेलेल्या. काकाजी उठले आणि घराकडे चालू लागले. मला वाटलं, घाबरले. पाच मिनिटांत परत आले, हातात मिलची जुनी लाल पुठ्ठ्याची वही. पानं उलटली, बोट ठेवलं आणि वही माझ्यापुढे धरली. "वाचून दाखव तिले."

मी वाचलं. "बुंदी. बसस्टँडसमोर दवाखाना. बाहेर निळा बाक. बायका बसल्या होत्या, म्हणजे डॉक्टर बरा असावा."

मी म्हटलं, काकाजी, याला सोळा वर्षं झाली. ते म्हणाले, "बाक बदलला असन. डॉक्टर चांगला असन तं लोक जाऊ देत नाईत."

मुली रिक्षातून गेल्या. बाक खरोखरच बदलला होता. डॉक्टरही बदलला होता, आता त्यांचा मुलगा बसत होता. त्यानं मेघाला सलाइन लावलं आणि फोनवर माझ्याशी नीट बोलला. दोन दिवस हलायचं नाही, म्हणाला. मेघाच्या आईला मी स्वतः फोन करून सगळं खरं सांगितलं. ती रडली, मग तिनं विचारलं, ताप आहे हे कोणी ओळखलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या पाया पडते म्हणून सांगा. मी सांगितलं नाही. काकाजींना तसलं काही सांगितलं की ते भिंतीवरच्या पाली मोजायला लागतात. मी स्वतःही त्यांचे कधी तोंडानं आभार मानले नाहीत. म्हणून तर हे लिहायला बसले.

दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता तीन नंबर बारीक, पण स्वतःच्या आवाजात आला. काकाजींनी तो दोनदा म्हणायला लावला. नंतर म्हणाले, "आपली बस असती तं तिले तापातच पुढं न्यावं लागलं असतं. चाळीस लोक थांबत नाईत. हे पोट्ट्या थांबल्या." एवढं कबूल करणं त्यांच्यासाठी थोडं नव्हतं.

वही माझ्याकडेच राहिली होती. मी काही दुसऱ्यांचे कागद वाचणारी बाई नाही, पण बुंदीचं पान अजून उघडंच होतं आणि त्याच्या वरच्या ओळी मी आदल्या दिवशी घाईत सोडल्या होत्या. "डिझेलसाठी दहा मिनिटं. पायऱ्यांची मोठी विहीर हाय म्हणे. चित्तोडले दोन तास गेले, अंधार पडून राहिला, बस नेली नाही. एकट्यानं यावं."

मग मी बाकीची पानंही चाळली. पुरी: पहाटे होड्या मासे घेऊन येतात, चाळीस लोक उठत नाहीत, एकट्यानं पाहावं. पचमढी: डोंगराच्या मागं पायवाट दिसली, म्हाताऱ्यायले जमत नाही, एकट्यानं. सारनाथ: संध्याकाळी लोक गेल्यावर गवतावर बसाले बरं, एकट्यानं. बसच्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं सगळं टिपून ठेवलेलं. कुठे खोली मिळेल, कुठे चहा बरा, कुठल्या वळणावर उतरावं. पानामागून पान, आणि प्रत्येकाच्या शेवटी तोच शब्द.

गल्लीतल्या प्रत्येक तरुण पोराला टूरमध्येच जा म्हणून दटावणारा हा माणूस.

मी त्यांना सरळ विचारलं, मग गेला का नाहीत कधी.

ते चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. "एकटा गेलो तं मले मोजन कोन?" ते म्हणाले. "चाळीसात मी कधीच नवतो, सुनंदा. मोजनारा कट्ट्यात धरत नाईत."

मला एकदम रामटेकचा खांब आठवला. मी म्हटलं, चहा गार होतोय. दुसरं काय म्हणणार होते?

मुली परत आल्या. मेघा दोन किलोनं उतरली होती, पण हसत होती. थांबावं लागलं म्हणून तिघी रोज त्या विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. प्रज्ञानं फोटो काढून आणला, मी काकाजींची वही तिच्या हातात दिली. तिनं उभ्यानंच सगळी वाचली आणि फोटो बुंदीच्या पानावर चिकटवला. त्याखाली काही लिहिलं नाही.

आता गल्लीतले आईबाप मला विचारायला येतात, पोरांना टूरमध्ये पाठवू की आपलं आपण जाऊ देऊ. मी म्हणते, गुडघे बरे असतील तर जाऊ द्या, पण सात वाजता मोजायला कोण बसणार ते आधी ठरवा.

पुढच्या हिवाळ्यात प्रज्ञानं पुण्याहून एकच तिकीट काढलं आणि मला पाठवलं. काकाजींनी आठ दिवस कारणं सांगितली. थंडी आहे, मिलमध्ये मालकानं बोलावलंय, सुटं धान कोंबडीचं. शेवटी मी स्कूटर काढली आणि त्यांना तुमसर रोडला नेऊन सोडलं. फलाटावर त्यांनी स्वतःच्या सामानावर बोट फिरवलं, "लाभ, दोन," आणि थांबले. पुढे मोजायला काही नव्हतं. गाडी आली. ते चढले. खिडकीतून मला म्हणाले, "सात वाजता." मी म्हटलं, माहीत आहे, जा आता.

मी फोनची वाट बघत बसणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी ते बुंदीला पोचायचे होते. पावणेसातला मी तूर निवडायला घेतली, छपरीत उजेड बरा असतो म्हणून. फोन जवळच होता. सातला तो वाजला. पलीकडे कुठेतरी पारवे घुमत होते आणि आवाज विहिरीत घुमावा तसा घुमत होता.

"लाभ," काकाजी म्हणाले.

पुढे दोन येणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी रीत म्हणून मी जराशी थांबले.

"भरती बरोबर," मी म्हटलं.